प्रतिदीप्त रंग आणि जैवरेणूंचे लेबलिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेशीतील बहुतेक रेणू रंगहीन असतात, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पेशीची कड दिसते, केंद्रकाचा गोल जेमतेम ओळखू येतो आणि त्यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. हव्या त्या रेणूला प्रकाशाची खूण जोडायची आणि बाकी सर्व अंधारात ठेवायचे, हा प्रतिदीप्त रंगांचा उपयोग आहे. प्रयोगशाळेत नव्याने काम सुरू करणारे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. या सर्व उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: सूक्ष्मदर्शकातून आपल्याला डाय (प्रतिदीप्त रंग) दिसतो, रेणू दिसत नाही. डाय जिथे आहे तिथेच रेणू आहे, हे प्रत्येक प्रयोगात वेगळे सिद्ध करावे लागते.

प्रतिदीप्ती म्हणजे काय? प्रतिदीप्त रंग साध्या रंगापेक्षा वेगळा कसा?

साधा रंग प्रकाश शोषतो आणि ती ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडून देतो. प्रतिदीप्त रंगाचा रेणू प्रकाश शोषल्यानंतर काही नॅनोसेकंदांतच अधिक लांब तरंगलांबीचा प्रकाश परत देतो. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये क्विनीनच्या द्रावणावर केलेल्या अभ्यासात ही गोष्ट स्पष्ट केली आणि फ्लुओरस्पार या खनिजावरून तिला ‘फ्लुओरेसन्स’ हे नाव दिले. शोषलेल्या आणि दिलेल्या तरंगलांबीतील अंतराला आजही ‘स्टोक्स शिफ्ट’ म्हणतात. फ्लुओरेसीन सुमारे ४९४ नॅनोमीटरचा निळा प्रकाश घेते आणि सुमारे ५२१ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश देते. अंतर अवघे २७ नॅनोमीटरचे आहे, परंतु फिल्टरने निळा अडवून फक्त हिरवा पुढे जाऊ देण्यास ते पुरते. काळ्या पार्श्वभूमीवर चमकणारा ठिपका शोधणे हे उजळ पार्श्वभूमीवर किंचित गडद ठिपका शोधण्यापेक्षा कितीतरी सोपे असते. या पद्धतीची संवेदनक्षमता त्यातूनच येते.

डाय, लेबल आणि प्रोब या शब्दांत फरक आहे का?

व्यवहारात हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, तरी फरक लक्षात ठेवणे उपयोगाचे आहे. डाय म्हणजे चमकणारा रेणू. तो प्रथिनाला किंवा डीएनएला पक्का जोडला की लेबल होतो. प्रोब मात्र परिस्थितीनुसार आपली चमक बदलतो: कॅल्शियम वाढले, पीएच घटला किंवा पटलावरील विद्युतविभव बदलला की तो ते कळवतो.

डाय कोणता निवडावा?

निवडीची सुरुवात कॅटलॉगपासून न करता आपल्या सूक्ष्मदर्शकापासून करावी. त्यात कोणते लेसर किंवा एलईडी आहेत आणि कोणते फिल्टर बसवलेले आहेत, हे आधी लिहून काढावे. ४८८ नॅनोमीटरचा लेसर असेल तर फ्लुओरेसीन किंवा अलेक्सा फ्लुओर ४८८ चालेल. ६४० च्या आसपासचा लेसर नसेल तर साय५ हा गडद लाल डाय कितीही चांगला असला तरी उपयोगाचा नाही. मग येते तेज. डाय किती प्रकाश शोषतो आणि शोषलेल्या प्रत्येक १०० फोटॉनांपैकी किती परत देतो, या दोन आकड्यांच्या गुणाकारावर ते ठरते. यातील एकच आकडा पाहून निर्णय घेणे ही नेहमीची चूक आहे.

यानंतर परिसराचा विचार करावा, आणि माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष येथेच होते. फ्लुओरेसीनचा पीकेए (ज्या पीएचला त्याचे निम्मे रेणू प्रोटॉन धरून असतात तो आकडा) सुमारे ६.४ आहे, म्हणजे पीएच ७ च्या खाली उतरू लागला की त्याची चमक झपाट्याने घटते. लयकारिकांचा (लायसोसोम, पेशीतील पचनाच्या पिशव्या) अंतर्भाग पीएच ४.५ ते ५ इतका आम्लधर्मी असतो. फ्लुओरेसीनने लेबल केलेले प्रथिन पेशीने गिळून लयकारिकेत नेले, तर चित्रात ते नाहीसे झाल्यासारखे दिसते, प्रत्यक्षात मात्र ते तिथेच असते. अशा कामासाठी पीएचचा फारसा परिणाम न होणारा डाय घ्यावा. रोडामीन गटातील अनेक डाय आणि सल्फोनेट गट जोडलेले नवे डाय या कसोटीला उतरतात; सल्फोनेट गटांमुळे ते पाण्यातही सहज विरघळतात आणि प्रथिनांचे गुठळे होण्याचे प्रमाण कमी होते.

प्रतिपिंडाला डाय प्रत्यक्षात कसा जोडतात?

प्रतिपिंड म्हणजे ठरावीक रेणूला (प्रतिजनाला) ओळखून चिकटणारे प्रथिन; त्याला डाय जोडला की तो रेणू दाखवता येतो. जोडण्यासाठी बहुतेक वेळा प्रथिनातील लायसीन या अमिनो आम्लाच्या अमिनो गटाचा आधार घेतला जातो. डायवर एनएचएस एस्टर किंवा आयसोथायोसायनेट हा क्रियाशील गट असतो आणि तो अमिनो गटाशी सहसंयुज बंध तयार करतो. अमिनो गटावर प्रोटॉन बसलेला असेल तर अभिक्रिया होत नाही, म्हणून द्रावण किंचित अल्कधर्मी ठेवावे लागते: एनएचएस एस्टरसाठी पीएच ८.३ च्या आसपास, आयसोथायोसायनेटसाठी ९ च्या आसपास. मात्र पीएच वाढवला की एनएचएस एस्टर पाण्याशीच अधिक वेगाने अभिक्रिया करून निकामी होतो. पीएच ८.६ ला, तापमान ४ अंश सेल्सिअस असले तरी, सुमारे १० मिनिटांत त्यातील निम्मा भाग वाया जातो. म्हणून डाय कोरड्या डीएमएसओ या द्रावकामध्ये ऐन वेळी विरघळवावा आणि लगेच प्रथिनात थेंबाथेंबाने, हलक्या हाताने ढवळत मिसळावा. सिस्टीनच्या थायोल गटावर लेबल हवे असेल तर मॅलिमाइड वापरतात आणि पीएच ६.५ ते ७.५ ठेवतात.

तासाभराने न जोडला गेलेला डाय वेगळा करावा लागतो. फ्लुओरेसीनचे मिश्रण सेफाडेक्स जी-२५ च्या बारीक स्तंभावर सोडले की सुरुवातीला वरती एकच पिवळा थर दिसतो. बफर घालत गेले की काही मिनिटांत त्याचे दोन पट्टे होतात. पहिला पट्टा वेगाने खाली सरकतो. तो लेबल झालेल्या प्रतिपिंडाचा, कारण मोठा रेणू जेलच्या दाण्यांत शिरू शकत नाही आणि बाहेरूनच वाट काढतो. दुसरा मागे रेंगाळतो. तो मोकळ्या डायचा. फक्त पहिला पट्टा गोळा करावा आणि दोन पट्ट्यांमधील फिकट भाग मोहाने त्यात मिसळू नये. तिथून आलेला मोकळा डाय पुढे स्लाइडवर सगळीकडे धूसर चमक देत राहतो.

सर्व पायऱ्या नीट केल्या, तरी डाय जोडलाच गेला नाही. कारण काय असावे?

प्रथम बफर तपासावा. ट्रिस आणि ग्लायसीन या दोघांतही अमिनो गट असतो आणि त्यांची संख्या प्रतिपिंडावरील अमिनो गटांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते. डाय त्यांनाच जोडला जातो. प्रतिपिंड टिकवण्यासाठी कुपीत घातलेले अल्ब्युमिन हेही असेच डाय पळवते. विकत आणलेल्या एका प्रतिपिंडावर मी सलग दोनदा लेबलिंग केले आणि दोन्ही वेळा स्तंभावरून पहिला पट्टा जवळजवळ रंगहीन उतरला. तिसऱ्या वेळी माहितीपत्रक ओळ न् ओळ वाचले तेव्हा शेवटच्या रकान्यात ट्रिसचा उल्लेख सापडला. एक रात्र फॉस्फेट बफरमध्ये डायलिसिस केल्यावर तेच प्रतिपिंड पहिल्या प्रयत्नात लेबल झाले. तेव्हापासून डायची कुपी उघडण्याआधी प्रथिनाचा बफर बदलणे ही माझ्या वहीतील पहिली पायरी आहे.

दुसरे कारण ओलावा. फ्रीझरमधून काढलेली थंड कुपी लगेच उघडली की हवेतील बाष्प आत जमते आणि क्रियाशील गट तिथल्या तिथे नष्ट होतो. कुपी बंद असतानाच खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. मॅलिमाइडच्या बाबतीत तिसरी शक्यता असते ती डीटीटीची: सिस्टीनांमधील बंध सोडवण्यासाठी घातलेले डीटीटी हे रसायन काढून टाकले नसेल तर त्याचेच थायोल गट डाय संपवतात.

एका प्रतिपिंडावर किती डाय असावेत?

जितके जास्त तितके चांगले, असे नाही. डाय फार जवळ आले की ते एकमेकांची ऊर्जा शोषतात आणि चमक घटते; शिवाय प्रतिजन ओळखणाऱ्या भागातच लायसीन अडले तर प्रतिपिंडाची पकडही सुटते. आयजीजी या नेहमीच्या प्रकारच्या प्रतिपिंडासाठी साधारण ३ ते ७ डाय ही सोयीची मर्यादा आहे.

हे प्रमाण शोषणमापनावरून काढता येते. समजा, शुद्ध केलेल्या नमुन्याचे ४९४ नॅनोमीटरला शोषण १.०० आणि २८० नॅनोमीटरला ०.९० आले. फ्लुओरेसीन स्वतः २८० ला त्याच्या कमाल शोषणाच्या सुमारे ०.३० पट शोषते, म्हणून प्रथिनाचे खरे शोषण ०.९० मधून ०.३० वजा करून ०.६० धरावे. आयजीजीचा मोलर शोषण गुणांक सुमारे २,१०,००० आहे, म्हणजे प्रथिनाची संहती सुमारे २.९ मायक्रोमोलर. डायसाठी ७०,००० हा गुणांक धरला तर त्याची संहती सुमारे १४.३ मायक्रोमोलर. भागाकार ५ येतो. हे लेबलिंग उत्तम झाले. वजाबाकीची पायरी विसरल्यास उत्तर ३.३ येते आणि पुढच्या वेळी विनाकारण डाय वाढवला जातो.

केंद्रक दाखवण्यासाठी डॅपी, होएक्स्ट की प्रोपिडियम आयोडाइड?

फिक्स केलेल्या, म्हणजे रसायनाने आहे त्या स्थितीत स्थिर केलेल्या, पेशींसाठी डॅपी पुरेसा आहे. तो डीएनएच्या लहान खाचेत, विशेषतः एटी जोड्यांच्या भागात, बसतो आणि बसल्यावर त्याची चमक सुमारे २० पट वाढते. म्हणून मोकळा डाय थोडा राहिला तरी पार्श्वभूमी काळी दिसते. जिवंत पेशींसाठी होएक्स्ट ३३३४२ घ्यावा, कारण तो पटलातून सहज आत जातो. प्रोपिडियम आयोडाइड अखंड पटल ओलांडू शकत नाही. त्यामुळे जिवंत पेशींच्या मिश्रणात तो फक्त मेलेल्या पेशींची केंद्रके लाल दाखवतो आणि तोच त्याचा उपयोग आहे. तो आरएनएलाही चिकटतो, म्हणून डीएनए मोजायचा असल्यास आधी आरएनेज (आरएनए तोडणारे विकर) वापरावे. हे सर्व डाय डीएनएशी बांधले जातात, तेव्हा हातमोजे घालूनच ते हाताळावेत आणि उरलेले द्रावण बेसिनमध्ये ओतू नये.

जिवंत पेशीच्या आत कॅल्शियम मोजणारा प्रोब कसा पोचतो?

कॅल्शियमला पकडणारे प्रोब ऋणभारित असतात आणि पटल त्यांना आत येऊ देत नाही. यावर उपाय म्हणून त्यांचे भार एएम एस्टरच्या आवरणाखाली झाकतात. झाकलेला रेणू पटलातून आत जातो, आतील एस्टरेज विकरे आवरण कापून टाकतात, भार पुन्हा उघडे पडतात आणि प्रोब आतच अडकतो. पेशी जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी वापरला जाणारा कॅल्सीन एएमही याच मार्गाने काम करतो.

रॉजर त्सीन आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेला फ्युरा-२ हा या विचाराचा सुंदर नमुना आहे. कॅल्शियम बांधलेला फ्युरा-२ हा ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशाने अधिक उत्तेजित होतो, मोकळा असलेला ३८० च्या. चमक मात्र दोन्ही वेळा ५१० च्या आसपासच मोजायची. दोन मोजमापांचे गुणोत्तर घेतले की पेशी जाड आहे की पातळ, डाय कमी गेला की जास्त, हे प्रश्न बरेचसे गळून पडतात. एकाच तरंगलांबीवर चालणाऱ्या फ्लुओ-४ सारख्या प्रोबमध्ये ही सोय नाही. तिथे चमक वाढली तर कॅल्शियम वाढले की पेशी आक्रसून डाय दाट झाला, हे वेगळे तपासावे लागते. आणखी एक सावधगिरी: प्रोब स्वतः कॅल्शियम धरून ठेवतो. तो गरजेपेक्षा जास्त भरला तर आपण जे मोजायला निघालो तेच बदलून टाकतो. दिसेल इतपतच प्रोब भरावा, उठून दिसेल इतका नको.

जीएफपी उपलब्ध असताना रासायनिक डाय कशासाठी?

जीएफपी म्हणजे हिरवे प्रतिदीप्त प्रथिन; त्याचे महत्त्व कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये एक्वोरिया व्हिक्टोरिया या जेलीफिशमधील प्रथिनांवरील संशोधनात ते प्रथम नोंदवले, डग्लस प्रॅशर यांनी १९९२ मध्ये त्याचे जनुक वेगळे केले आणि मार्टिन चाल्फी यांनी १९९४ मध्ये ते जिवाणूत व सूत्रकृमीत चमकवून दाखवले. शिमोमुरा, चाल्फी आणि त्सीन यांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पेशी स्वतःच लेबल तयार करते, बाहेरून काही घालावे लागत नाही, ही त्याची थोरवी आहे.

तरीही जीएफपी हे २३८ अमिनो आम्लांचे, सुमारे २७ किलोडाल्टनचे प्रथिन आहे. लहान पेप्टाइडला ते जोडणे म्हणजे मुलाच्या पाठीवर त्याच्याहून मोठे दप्तर देणे. त्याची चाल बदलते. जीएफपीतील चमकणारा भाग तयार होण्यासाठी ऑक्सिजन लागतो, म्हणून पूर्णपणे ऑक्सिजनविरहित वातावरणात वाढणाऱ्या जिवाणूंमध्ये ते उपयोगी पडत नाही. आणि साखर, मेद किंवा न्यूक्लिओटाइड यांना ते जनुकाच्या मार्गाने जोडताच येत नाही. तिथे क्लिक रसायन कामाला येते: पेशीला अझाइड किंवा अल्काइन हा चिमुकला गट असलेला घटक द्यायचा, पेशी तो आपल्या रेणूत बसवते आणि नंतर त्यावर डाय जोडायचा. बर्टोझी, मेल्डाल आणि शार्पलेस यांना याच क्षेत्रासाठी २०२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हॅलोटॅग आणि स्नॅप-टॅग हा मधला मार्ग आहे. त्यात प्रथिनाचा टॅग जनुकातून येतो आणि तेजस्वी रासायनिक डाय बाहेरून.

पाहता पाहता चमक विझते. काय करावे?

उत्तेजित रेणूंपैकी काही दीर्घायुषी ट्रिप्लेट अवस्थेत अडकतात, ऑक्सिजनशी अभिक्रिया करतात आणि कायमचे निकामी होतात. ६० पटीच्या भिंगाखाली एक जागा मिनिटभर न्याहाळावी आणि मग १० पटीच्या भिंगावर यावे: चमकत्या पेशींच्या मधोमध काळसर गोल डाग उमटलेला दिसतो. जेवढे आपण पाहिले तेवढेच जाळले. फोकस दुसऱ्या चॅनलवर (दुसऱ्या डायच्या रंगावर), शक्यतो डॅपीवर, जुळवावा. शटर फक्त छायाचित्रापुरते उघडावे. प्रकाश कमीत कमी ठेवावा. फिक्स केलेल्या नमुन्यासाठी डॅब्को किंवा एन-प्रोपिल गॅलेट असलेले माध्यम वापरावे. जिवंत पेशीत याच अभिक्रियांतून तयार होणारी ऑक्सिजनची क्रियाशील रूपे पेशीलाही इजा करतात, म्हणून चमक टिकली तरी पेशी गोल होऊन काचेपासून सुटू लागल्यास ते निरीक्षण बाद धरावे.

डाय घातला नाही, तरी नमुना चमकतो. हे कसे?

पेशीत स्वतःचे चमकणारे रेणू असतात: एनएडीएच निळसर, फ्लेविन हिरवट, लिपोफ्युसिन पिवळ्यापासून लालपर्यंत, आणि वनस्पतींत क्लोरोफिल गडद लाल. ही अडचण या शास्त्राइतकीच जुनी आहे. अल्बर्ट कून्स यांनी १९४१ मध्ये प्रतिपिंडाला प्रथम जो डाय जोडला तो अँथ्रासीन गटातील निळा डाय होता. ऊतींची स्वतःची निळी चमक त्याला झाकून टाकत असे. म्हणून ते हिरव्या फ्लुओरेसीनकडे वळले आणि पुढच्याच वर्षी ऊतीतील न्यूमोकोकसचे प्रतिजन दाखवू शकले. आजही तोच उपाय पहिला आहे: लाल किंवा त्यापुढील डाय निवडावा. ग्लुटाराल्डिहाइडने फिक्स केल्यास चमक वाढते, तेव्हा शक्य तिथे ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड वापरावे. जिवंत पेशींच्या माध्यमातील फिनॉल रेड हे रंगद्रव्यही काढून टाकावे.

मेथॅनॉलने फिक्स केल्यावर फॅलॉइडिन चालत नाही, हे खरे का?

होय. डाय जोडलेले फॅलॉइडिन पेशीच्या सांगाड्यातील अखंड अॅक्टिन तंतू ओळखते आणि मेथॅनॉलमुळे अॅक्टिनची घडण बिघडते.

कोणते कंट्रोल अनिवार्य आहेत?

कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी घेतलेला नमुना, आणि या प्रश्नाला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. पहिला कंट्रोल काहीच न घातलेल्या नमुन्याचा; त्यावरून पेशीची स्वतःची चमक कळते. दुसरा फक्त दुय्यम प्रतिपिंड (प्राथमिक प्रतिपिंडाला चिकटणारे, डाय जोडलेले प्रतिपिंड) घातलेल्या नमुन्याचा. तो चमकला तर प्रतिपिंड भलतीकडे चिकटत आहे. दोन रंग वापरत असाल तर प्रत्येक रंगाचा स्वतंत्र नमुना घेऊन तो दोन्ही चॅनलमध्ये पाहावा, कारण फ्लुओरेसीनच्या उत्सर्जनाची शेपटी नारिंगी भागापर्यंत जाते आणि तिथे रोडामीन असल्याचा भास निर्माण करते. चौथा कंट्रोल सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत बोलका आहे: ज्या पेशीत ते प्रथिन नाहीच, म्हणजे जनुक काढून टाकलेली पेशी. तिच्यातही तीच चमक दिसली तर आजवरचे चित्र त्या प्रथिनाचे नव्हते. हे सर्व नमुने त्याच दिवशी, त्याच एक्स्पोजरला टिपावेत. वेगळ्या दिवशी काढलेला कंट्रोल तुलनेसाठी उपयोगाचा राहत नाही.

हिरवा आणि लाल एकत्र येऊन पिवळा दिसला. दोन्ही प्रथिने जोडलेली आहेत असे म्हणता येईल का?

नाही. अर्न्स्ट अॅबे यांनी १८७३ मध्ये मांडलेल्या मर्यादेनुसार ५२० नॅनोमीटरचा प्रकाश आणि १.४ अंकीय छिद्रमानाचे भिंग असताना सुमारे १८६ नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. प्रथिनाचा आकार काही नॅनोमीटरचा असतो, म्हणजे त्या एका पिवळ्या ठिपक्यात एकमेकांशी संबंध नसलेली शेकडो प्रथिने मावतात. खरी जवळीक तपासण्यासाठी फ्रेट (डायमधील ऊर्जाहस्तांतरण) वापरावे. त्यात एका डायची ऊर्जा दुसऱ्याकडे फक्त १ ते १० नॅनोमीटरच्या टप्प्यात जाते, आणि ती अंतराच्या सहाव्या घाताने घटते: ज्या अंतरावर निम्मी ऊर्जा पोचते, त्याच्या दुप्पट अंतरावर जेमतेम दीड टक्का पोचते. २०१४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलने गौरवलेल्या सुपर-रिझोल्यूशन सूक्ष्मदर्शनाच्या पद्धती अॅबेची मर्यादा ओलांडतात. परंतु तिथे प्राथमिक आणि दुय्यम प्रतिपिंडांची लांबी हीच अडचण होते, कारण डाय खऱ्या रेणूपासून दहा-वीस नॅनोमीटर दूर टांगलेला असतो.

छायाचित्रातील रंग खरे असतात का?

बहुतेक वैज्ञानिक कॅमेरे फक्त तीव्रता नोंदवतात. रंग नंतर संगणकावर दिले जातात. म्हणून ते वाचणाऱ्याच्या सोयीने निवडावेत. पुष्कळ पुरुषांना लाल आणि हिरव्यातील फरक नीट कळत नाही, तेव्हा त्या जोडीऐवजी जांभळट मॅजेंटा आणि हिरवा वापरावा आणि प्रत्येक चॅनल शेजारी कृष्णधवलही छापावा. तीव्रतेत जो बदल कराल तो कंट्रोलच्या चित्रालाही तेवढाच करावा, आणि तो किती केला हे चित्राखालील मजकुरात लिहावे.